पकड सुटते ती दिशेमुळे

मनगट पकडले जाताच हात सरळ मागे खेचणे ही बहुतेक माणसांची पहिली प्रतिक्रिया असते आणि नेमकी तीच सर्वांत कमी उपयोगाची ठरते. कारण त्या दिशेने ओढ बसली की मनगटापेक्षा रुंद असलेला पंजा पकडणाऱ्याच्या बोटांच्या कड्यात अधिकच अडकतो आणि त्याची चारही बोटे, अंगठा व तळवा एकवटून विरोध करतात. जपानमधील जुजुत्सू व जुदो, ब्राझीलमधील जिउ-जित्सू आणि महाराष्ट्रातील तालमींत घडलेली कुस्ती यांच्याकडे पकड सोडवण्याचे असंख्य डाव आहेत; परंतु त्या डावांची उकल केली असता तळाशी मोजकीच तत्त्वे सापडतात आणि ती सारी शरीररचना व यामिकी, म्हणजे बल आणि गती यांचे शास्त्र, यांच्या आधारे समजावून सांगता येतात.

पकडीतील फट

ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी 1956 मध्ये मानवी हाताच्या पकडीचे दोन मूलभूत प्रकार सांगितले. वस्तू अंगठ्याच्या व बोटांच्या टोकांमध्ये धरली जाते ती सूक्ष्म पकड, आणि वाकवलेली बोटे व तळवा यांच्यामध्ये वस्तू आवळली जाते व अंगठा समोरून दाब देतो ती शक्तिपकड. मनगट धरणारा हात शक्तिपकडीत असतो. या पकडीत चार बोटे एका बाजूला आणि एकटा अंगठा दुसऱ्या बाजूला असल्यामुळे आवळणाऱ्या बलाची वाटणी विषम होते. शिवाय अंगठ्याचे टोक आणि बोटांची टोके जिथे समोरासमोर येतात तिथे पकडीचे कडे पूर्ण बंद नसते. म्हणूनच अंगठा आणि बोटे यांच्यामधील फटीच्या दिशेने सुटावे, हा मनगट सोडवण्याचा पहिला नियम ठरतो.

या नियमाला मनगटाच्या आकाराचीही जोड मिळते. मनगटाचा छेद गोल नसून लंबगोल असतो आणि त्याची रुंदी जाडीच्या साधारण दीडपट भरते. कोपरापासून मनगटापर्यंत जाणारी दोन हाडे एकमेकांभोवती फिरू शकत असल्यामुळे पकडलेला हात वळवून मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर आणता येते, आणि मग तेच मनगट तुलनेने कमी बलाने बाहेर पडते.

पकडणाऱ्याच्या हाताची ठेवणही महत्त्वाची असते. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू हातात नसून कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट किंचित मागे झुकलेले असताना पकड सर्वांत बळकट असते. ते तळव्याच्या बाजूला पुरते वाकवले की हे स्नायू आधीच आखूड झालेले असल्यामुळे त्यांची ओढ घटते, तर बोटे उघडणाऱ्या विरुद्ध बाजूच्या कंडरा ताणल्या जातात. मनगट पूर्ण वाकवून घट्ट मूठ वळण्याचा प्रयत्न केल्यास याची प्रचिती कोणालाही घेता येईल. पकडणाऱ्याचे मनगट वाकेल अशा कोनात हात वळवणारे डाव याच दुर्बलतेचा लाभ घेतात.

कोपर पुढे, मनगट मागे

दुसरे तत्त्व तरफेचे आहे. पहारीने दगड उचकटताना टेकूपासून हातापर्यंतचे अंतर जितके जास्त आणि टेकूपासून दगडापर्यंतचे अंतर जितके कमी, तितके थोड्या बलात काम होते. मनगट सोडवताना सोडवणाऱ्याचा स्वतःचा हात हीच पहार बनते. पकडणाऱ्याच्या तर्जनीच्या कडेला टेकू मानले, तर तिथून कोपरापर्यंतचे अंतर प्रौढ व्यक्तीत सुमारे 25 सेंटिमीटर असते, तर अंगठ्यावर दाब देणारा भाग त्या टेकूपासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतो. अशा मांडणीत कोपराकडून लावलेले बल अंगठ्यापाशी सुमारे पाचपट होऊन पोहोचते. म्हणून जाणते शिक्षक हात मागे ओढायला न सांगता कोपर पकडणाऱ्याच्या दिशेने पुढे न्यायला सांगतात. कोपर पुढे सरकताच मनगट आपोआप अंगठ्याच्या बाजूने वर निसटते. त्याच वेळी पाऊल टाकून कंबर वळवल्यास खांदा, पाठ आणि पाय यांचे मोठे स्नायू एकट्या अंगठ्याविरुद्ध कामाला लागतात.

तोल हाच खरा आधार

उभे शरीर स्थिर राहते ते त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी उभी रेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या आधारक्षेत्रात पडते तोपर्यंतच; ती रेषा बाहेर गेली की पडणे टाळण्यासाठी पाऊल टाकावे लागते आणि त्या क्षणी पकडीकडचे लक्ष व बळ दोन्ही कमी होतात. जुदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (1860–1938) यांनी 1882 मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही संस्था सुरू केली, तेव्हा जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांतील डावांना त्यांनी याच विचाराची बैठक दिली. समोरच्याचे बळ 10 आणि स्वतःचे 7 असेल, तर थेट विरोधात पराभव निश्चित असतो. पण त्याच्या ढकलण्याबरोबर मागे सरकल्यास तो पुढे झुकून तोल गमावतो आणि त्याचे वापरता येण्याजोगे बळ 3 वर येते, मग 7 पैकी निम्मे बळही त्याच्यावर मात करायला पुरते, असे गणित ते मांडत. तोल ढळवण्याच्या या क्रियेला जुदोत कुझुशी म्हणतात आणि कोणताही डाव तिच्यानंतरच टाकायचा असतो.

शारीरिक बळात उणे असणाऱ्यांना या विचाराचे मोल विशेष होते. लंडनमध्ये एडिथ गॅरूड या पाच फुटांहूनही कमी उंचीच्या प्रशिक्षिकेने स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना जुजुत्सू शिकवले आणि 1913 च्या सुमारास नेत्यांना पोलिसांच्या अटकेपासून वाचवणारे महिलांचे संरक्षक पथक तयार केले.

मागून कमरेला मिठी पडल्यावरही हेच तत्त्व वापरले जाते. गुडघे वाकवून व पाय फाकवून खाली बसल्याने पकडलेल्याचे आधारक्षेत्र रुंदावते, आणि पकडणाऱ्याला मिठी टिकवण्यासाठी पुढे झुकावे लागल्यामुळे त्याचा भार पावलांच्या चवड्यांवर येतो. जमिनीवर दाबले गेल्यास वरच्या माणसाचे ओझे हातांनी उचलणे जवळजवळ अशक्य असते. त्याऐवजी पाय रोवून कंबर उचलण्याचा, म्हणजे ‘पूल’ करण्याचा, मार्ग कुस्ती आणि जिउ-जित्सू या दोन्ही परंपरांत आहे. त्यात नितंब व मांड्या यांचे शरीरातील सर्वांत बलवान स्नायू वापरले जातात, आणि वरचा माणूस क्षणभर विस्कळीत होताच कंबर बाजूला सरकवून मोकळी जागा निर्माण केली जाते.

गळा आणि घड्याळ

गळ्यावरील पकड मात्र वेगळ्या गंभीरतेची असते. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या दाबल्या गेल्यास सुमारे 10 सेकंदांत शुद्ध हरपू शकते. त्यामुळे येथे हनुवटी छातीकडे ओढून गळा झाकणे आणि लगेच शरीर वळवणे यांना अग्रक्रम मिळतो. समोरून दोन्ही हातांनी गळा धरला असल्यास एक हात उंचावून संपूर्ण धड वळवले, की खांद्याचा रेटा पकडणाऱ्याच्या मनगटांवर व अंगठ्यांवर येतो. असा प्रसंग घडून गेल्यावर बाहेरून खूण दिसत नसली तरी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते, आणि सरावात गळ्यावर प्रत्यक्ष दाब देऊ नये.

वेळेचा प्रश्न मेंदूशीही निगडित आहे. दिसलेल्या एकाच अपेक्षित संकेताला साधा प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. पण पर्याय वाढले की हा काळ वाढत जातो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवले. पन्नास डाव तोंडपाठ असणाऱ्यापेक्षा दोन-तीन हालचाली अंगवळणी पडलेला माणूस लवकर सुटतो, याचे एक कारण येथे सापडते. हालचाल अंगवळणी पडते ती खऱ्या विरोधातच. जोडीदार आपण होऊन पकड सैल करत असेल, तर शरीर फक्त सैल पकड सोडवायला शिकते. कानो यांनी रांदोरी, म्हणजे प्रतिस्पर्धी मोकळेपणाने विरोध करतो असा सराव, प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला तो याचसाठी.

या साऱ्याचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, याचे एक मोजमाप कॅनडातील संशोधिका शार्लीन सेन यांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहे. तीन विद्यापीठांतील 893 विद्यार्थिनींपैकी ज्यांना 12 तासांचे प्रतिकार-प्रशिक्षण मिळाले, त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के आढळले, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते 9.8 टक्के होते. त्या प्रशिक्षणात शारीरिक स्वसंरक्षण हा एक भाग होता. धोका लवकर ओळखणे आणि ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणे यांवर तेवढाच भर होता. पकड घट्ट बसण्यापूर्वीचे क्षण सर्वांत मोलाचे असतात, हा यामिकीचा निष्कर्ष आणि ही आकडेवारी एकाच दिशेला बोट दाखवतात. बळातील मोठी तफावत कोणतेही तत्त्व पूर्णपणे पुसू शकत नाही; तरीही स्वसंरक्षणाचा वर्ग निवडताना तिथे किती डाव शिकवले जातात यापेक्षा, विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर त्यांपैकी किती टिकतात, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.