जुन्या मोटारीचें अडलेलें कुलूप

जुनी मोटार ज्या घरीं सांभाळली जाते, त्या घरीं ती केवळ वाहन उरत नाहीं; वाडवडिलांच्या हातची वस्तू म्हणून तिचा मान राहतो. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डी पुढें 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तरी घरच्या गाड्या अद्याप जपलेल्या दिसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली आहे. अशा गाडीवर हातोडा उचलण्यापूर्वीं विचार केला पाहिजे.

आमच्या दिव्यास खाडी जवळ; तेथील खारट, दमट हवा लोखंडास सोडीत नाहीं. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीचें स्टिअरिंगचें कुलूप अडतें. किल्ली फिरत नाहीं, चाक हलत नाहीं, आणि घरांतील तरुण मंडळी पक्कड शोधूं लागतात.

या कुलपाची रचना साधी आहे. किल्ली काढली कीं स्प्रिंगच्या जोरानें एक खिट्टी पुढें सरकते व स्टिअरिंगच्या दांड्यावरील खांचेंत बसते. जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर, संस्कृतांतील अर्गला, ती हीच. दारावर बाहेरून रेटा असला म्हणजे अडसर निघत नाहीं; आधीं दार किंचित्‌ सैल करावें लागतें. येथेंही तसेंच. पुढचीं चाकें वळलेलीं असलीं, तर त्यांचा ताण खिट्टीवर येतो. म्हणून एका हातानें चाक डावीउजवीकडे हलकेंच हलवीत दुसऱ्या हातानें किल्ली बेतानें फिरवावी. निम्मीं कुलुपें एवढ्यानेंच सुटतात, असा आमचा अनुभव आहे.

न सुटल्यास दोष आंत आहे. नुसती धूळ असेल, तर शिसपेन्सिलीचें शिसें किल्लीच्या दांत्यांवर घासून ती आंतबाहेर करावी. गंज असेल, तर गंजांत मुरणारें पातळ तेल सोडून रात्रभर थांबावें. खोबरेल अथवा गोडें तेल मात्र घालूं नये. तें पुढें चिकट होऊन धूळ धरतें. किल्ली झिजली असल्यास तिच्यावरून दुसरी पाडण्यांत अर्थ नाहीं. जपून ठेवलेली मूळ जोडकिल्ली शोधावी. जोर केल्यास किल्ली आंतच तुटते.

कुलूप सुटलें म्हणून काम संपलें असें नव्हे. गाडी उभी असतांना किल्ली वीस वेळां फिरवून पाहावी आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावें. कोठें खरखर वा अडखळ जाणवली, तर खिट्टी पुरती मागें जात नाहीं असें समजावें. तिनें धांवत्या गाडीचें चाक धरलें, तर घरच्या माणसांच्या जिवावर बेततें. असें कुलूप कुशल मिस्त्रीकडून उतरवून घ्यावें व तोंवर गाडी रस्त्यावर नेऊं नये. न सुटणाऱ्या कुलपापेक्षां अर्धवट सुटलेलें कुलूप अधिक घातक होय.