गाडीची चमक बाटलीत नाही, फडक्यात आहे

हिंजवडीचे आयटी पार्क आणि पिरंगुटचे कारखाने यांच्यामुळे मुळशी तालुक्यात घरोघरी गाडी आली. कोणी कर्ज काढून कार घेतली, कोणी धंद्यासाठी टेम्पो घेतला. घर आणि दुकान सोडले तर सामान्य माणसाची सर्वांत मोठी खरेदी हीच असते. परंतु दोन-तीन वर्षांतच तिचा रंग मंद पडतो, उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. मालक म्हणतो, कंपनीने रंग हलका वापरला. खरी गोष्ट अशी आहे की बहुतेक वेळा रंग कंपनीने नव्हे, रोज सकाळी फिरणाऱ्या कोरड्या फडक्याने घालवलेला असतो.

आमचा धंदा कपड्याचा. म्हणून हा विषय कपड्याच्या बाजूने मांडतो. मोटारीच्या जाणकारांनी त्यात आपली भर घालावी.

रंग म्हणजे भांडवल

गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती या वरच्या थराची. सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन धरला, तर आपली सगळी चमक केसाहूनही पातळ पडद्यावर उभी आहे.

गॅरेजमध्ये ‘रबिंग मारतात’, म्हणजे काय करतात? ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या पातळीवर आणतात. गाडी आरशासारखी दिसते, मालक खूश होतो. पण हा नफा नव्हे, भांडवल खाणे आहे. दरवर्षी दिवाळीला आणि ईदला रबिंग मारत गेलो, तर एक दिवस क्लिअर कोट संपतो आणि नवा रंग मारावा लागतो. मग गाडी विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘दरवाजा रंगवलेला दिसतो, अपघात झाला होता का?’ तुम्ही कितीही खरे सांगा, भाव तिथेच खाली येतो. मूळ रंगाची गाडी आणि रंगवलेली गाडी यांच्या भावातला फरक जुन्या गाड्यांच्या बाजारात उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

पॉलिश आणि वॅक्स या दोन शब्दांतही लोक गल्लत करतात. पॉलिश घासते, वॅक्स झाकते. उत्तम वॅक्समध्ये कार्नोबा नावाचे मेण असते. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात आणि ८० अंशांच्या वर तापल्याशिवाय वितळत नाही, म्हणून आपल्या उन्हातही टिकते. वॅक्स दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे, त्याने क्लिअर कोट कमी होत नाही. पॉलिश मात्र गरज असेल तरच.

मुळशीची धूळ, मुळशीचा पाऊस

आपला भाग काळ्या पाषाणाचा. खडी क्रशर, बांधकामे, वीटभट्ट्या आणि डंपरची वर्दळ यांच्यामुळे भूगावपासून पौडपर्यंत गाडीवर जी धूळ बसते, ती पीठ नसून बारीक दगड आहे. त्यावर कोरडा फडका फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे होय.

पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. असा पाऊस गाडी वरून धुतो खरा, पण खालून चिखल भरतो. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात ओला चिखल आठवडाभर राहिला की गंजाची सुरुवात तिथून होते. म्हणून पावसाळ्यात वरच्या चमकेची काळजी कमी आणि चाकांच्या आतल्या बाजूची जास्त करावी. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची छोटी भोके असतात, तीही काडीने मोकळी ठेवावीत.

काही चालक डिझेल किंवा रॉकेलचा पोचारा मारतात. तासभर गाडी तेलकट चमकते, नंतर त्याच तेलावर धूळ चिकटते आणि रबरी पट्ट्या फुगतात. कपडे धुण्याची पावडरही वापरू नये. ती वॅक्स काढून टाकते. गाडीचा शाम्पू यापेक्षा महाग वाटला तरी एका धुण्याला झाकणभर पुरतो.

फडका पारखावा कसा

मांजरपाटाचा तुकडा, जुनी साडी, बटण न काढलेला शर्ट, शिंप्याकडची चिंधी, असे काहीही गाडीवर फिरते. गॅरेजमधले बनियन वेस्ट इंजिनाचे तेल पुसायला उत्तम, पण रंगाला नको. त्यात शिलाईचे जाड धागे आणि कधी धातूचा कीसही असतो. सोलापूरचा जुना, धुऊन मऊ झालेला सुती टॉवेल चाके आणि दरवाजांच्या आतल्या कडा पुसायला चांगला. रंगासाठी मात्र मायक्रोफायबर घ्यावे.

धाग्याची बारकाई डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. मायक्रोफायबरचा तंतू १ डेनिअरपेक्षाही बारीक असतो. जपानच्या तोरे कंपनीने १९७० मध्ये अशा अतिबारीक तंतूचे कृत्रिम साबर बाजारात आणले. पुसायच्या फडक्यात साधारण ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा असतो. तंतू चिरलेले असल्यामुळे त्यांच्या फटींत धूळ आत ओढली जाते, रंगावर घासली जात नाही.

बाजारात पाकिटावर काहीही छापतात. व्यापाऱ्याने तराजूवर विश्वास ठेवावा. ४० बाय ४० सेंटीमीटरचा फडका ३५० जीएसएमचा असेल, तर तो ५६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ४० ग्रॅम भरला, तर माल २५० चा आहे. दुसरी परीक्षा म्हणजे निकामी सीडीच्या चकचकीत बाजूवर फडका घासून पाहावा. रेघा उमटल्या तर तो काच-आरशासाठीसुद्धा घेऊ नये. कडेची शिलाई टणक नसावी आणि शिवलेले लेबल वापरण्याआधी उसवून टाकावे.

धुण्याचे पथ्यही आहे. हा फडका सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, सुताचा भुगा त्याला चिकटतो. कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, त्याने तंतूंच्या फटी बुजतात. गरम इस्त्री तर कधीच नाही. आणि जो फडका एकदा जमिनीवर पडला, तो धुतल्याशिवाय गाडीला लावू नये.

दोन बादल्यांची रीत

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. आधी चाके, वेगळ्या फडक्याने. मग साध्या पाण्याने धूळ-चिखल वाहून जाऊ द्यावा, हात लावू नये. त्यानंतर एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. फडका शाम्पूत बुडवून वरून खाली, सरळ रेषेत फिरवावा, गोल नव्हे. पुन्हा शाम्पूत घालण्यापूर्वी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावा. गाडीची माती दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहते, गाडीवर परत जात नाही. सारी रीत एवढीच.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. ते रंगावर सुकले की चुन्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून पाणी सुकण्यापूर्वीच कोरडा फडका अंथरून, ओढून घेऊन पाणी टिपावे. डाग पडलेच, तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून हलके पुसावे आणि लगेच धुवावे. पक्ष्यांची घाण दिसली तर ओला फडका काही वेळ ठेवून मऊ करून काढावी. उन्हात ती रंग खाते.

पाण्याचा हिशोबही पाहावा. मिनिटाला १२ लिटर देणारी नळी १५ मिनिटे चालली तर १८० लिटर पाणी जाते. दोन बादल्या, धूळ वाहवण्याचे आणि शेवटी खंगाळण्याचे पाणी धरून ५०-६० लिटरांत काम होते. बंगळूरमध्ये मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवण्यात आला. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात, त्यांनी ही वेळ येण्यापूर्वीच शहाणे व्हावे.

तरुणांसाठी एक गोष्ट

सोसायट्यांतून पहाटे गाड्या पुसणारी मुले महिन्याच्या ठरलेल्या पैशावर पंधरा-वीस गाड्या करतात. बहुतेकांकडे एकच बादली आणि एकच फडका असतो. पहिल्या गाडीची खडी विसाव्या गाडीपर्यंत जाते. दोष मुलांचा नाही, त्यांना कोणी शिकवलेले नाही आणि मालकाने कधी फडका दिलेला नाही. गाडीमालकाने आपल्या गाडीचे दोन फडके त्या मुलाच्या हाती द्यावेत, त्यावर नंबर लिहावा. आणि ज्या होतकरू मुलाला यात पुढे जायचे असेल, त्याने डझनभर चांगले फडके, दोन बादल्या, शाम्पू आणि वॅक्स एवढ्या भांडवलावर घरपोच कामाची सुरुवात करावी. आज शहरात सिरॅमिक कोटिंगसाठी लोक हजारो रुपये मोजतात. पण कोटिंग केलेली गाडीही धुवावीच लागते आणि घाणेरड्या फडक्याने तिच्यावरही ओरखडे पडतात. म्हणून नीट धुणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही. त्याने दर आधी सांगावा, सांगितले तेवढेच काम करावे आणि गरज नसताना कोणाच्या गाडीला रबिंग मारू नये. या धंद्यात गिऱ्हाईक टिकते ते यावरच.