सोन्याच्या नादात फॉस्फरस

१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला लघवीतून सोनं काढायचं होतं. रंग पिवळा, एवढ्यावरच त्याची भिस्त असावी! लघवी कुजवून, आटवून उरलेला गाळ त्याने प्रचंड तापवला. गाळातल्या कार्बनने फॉस्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतला आणि फॉस्फरसची वाफ सुटली. थंड झाल्यावर हाती आलेला मेणचट पदार्थ अंधारात हिरवट उजळे, कारण हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची संथ क्रिया चालू असते. ब्रँडने कृती गुप्त ठेवली, नंतर पैसे घेऊन विकली. पुढे शंभरएक वर्षांनी हाडांतून फॉस्फरस मिळू लागला.

इंग्लंडात डर्बीच्या संग्रहालयात फॉस्फरसच्या या शोधावरचं जोसेफ राइटचं चित्र आहे. सोनं करू पाहणाऱ्या अशा किमयेच्या भारतीय परंपरेसाठी, म्हणजे रसविद्येसाठी, मात्र रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांचा इंग्रजी ग्रंथच गाठावा. पहिला खंड १९०२चा.