रस्ता खुला, वाट बंद

कल्याणहून मुरबाडमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात प्रवेश करतो आणि पुढे ओतूर, आळेफाटा असा अहिल्यानगरकडे जातो. पावसाळ्यात या घाटात दरड कोसळली की ती किती वाजता पडली आणि वाहतूक किती तासांनी सुरू झाली, एवढ्यावर त्या घटनेची बातमी संपते. दरडीची माती आणि दगड नेमके कोठे गेले, हे बातमीत सहसा नसते. रस्त्यावरून हटवलेला प्रत्येक ढीग दुसऱ्या कोठेतरी जाऊन पडतो, आणि ती जागा बहुतेक वेळा पायी चालणाऱ्याची किंवा वाहत्या पाण्याची असते. म्हणूनच मोकळ्या झालेल्या रस्त्याइतकेच या ढिगाच्या नव्या जागेकडे विज्ञानाच्या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

हाच पेच ज्या शहरांत दर हिवाळ्याला हिमवृष्टीमुळे उभा राहतो, तेथे त्याचा अभ्यास अधिक बारकाईने झाला आहे. मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द सर्रास वापरला जात असला, तरी येथे दोन पदार्थ वेगळे मानावे लागतात. आकाशातून स्फटिकरूपाने भुरभुरणारे ते हिम, आणि पाणी गोठून किंवा हिम दाबले जाऊन बनणारा घट्ट पदार्थ तो बर्फ. ताज्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलो किंवा त्याहूनही कमी भरते, कारण त्याचा बहुतांश भाग हवा असतो. चाकांखाली दबून ते ३०० ते ५०० किलोपर्यंत जाते आणि निखळ बर्फाचे वजन घनमीटरला ९१७ किलो असते. हिमवर्षाव सुरू होताच नांगर लावलेले ट्रक बाहेर पडतात आणि रस्त्याच्या मधले हिम कडेला सारतात. कडेला अर्थातच पदपथ असतो. त्यामुळे रस्ता स्वच्छ होण्याच्या क्रियेतच पदपथ गाडला जातो.

पदपथ साफ करण्याची जबाबदारी अमेरिकेतील अनेक शहरांत लगतच्या घरमालकावर टाकलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये हिम दिवसा पडायचे थांबले, तर चार तासांच्या आत घरासमोरचा पदपथ मोकळा करावा लागतो. बॉस्टनमध्ये ही मुदत तीन तासांची आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची फावड्याशी पहिली ओळख अनेकदा या नियमामुळेच होते, आणि तासभर खपून मोकळी केलेली जागा नगरपालिकेच्या नांगराच्या पुढच्या फेरीत पुन्हा भरून जाते, हेही त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळते. रस्ता सार्वजनिक पैशातून साफ होतो आणि पदपथ मात्र ज्याच्या त्याच्या कमरेच्या बळावर, अशी ही विभागणी आहे.

वाहन आणि पादचारी यांच्यातील खरा फरक मात्र घर्षणाचा आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरण्याला जो विरोध होतो त्याला घर्षण म्हणतात, आणि तो विरोध त्या पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या किती पट आहे हे सांगणारी संख्या म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, दाबलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो आणि बर्फावर ०.१ इतका खाली येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते, तर बर्फावर तिला जवळजवळ १०० मीटर लागतात. तथापि मोटारीला चार चाके असल्याने ती घसरली तरी कोलमडत नाही, आणि चालकाने वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर एक चतुर्थांश होते. माणूस चालताना दर पावलाला काही क्षण एकाच पायावर तोललेला असतो. सपाट जमिनीवर सावरून चालण्यासाठी त्याला साधारण ०.२ घर्षणांक लागतो, आणि वितळण्याच्या बेतातील ओल्या बर्फावर तो ०.१ च्याही खाली जात असल्याने हळू चालूनही फारसा बचाव होत नाही. टाच निसटते आणि माणूस पडतो, विशेषतः म्हातारा माणूस मनगटावर किंवा खुब्यावर पडतो. पायाच्या घोट्याएवढ्या हिमातून मोटार रखडत का होईना पुढे जाते, परंतु त्याच हिमातून बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची ढकलणे अशक्यप्राय ठरते.

मिठाचा उपायही रस्त्याच्याच बाजूने झुकलेला आहे. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर खडे मीठ का घालतात, हे ज्या घरांत असा पॉट होता त्यांना ठाऊक आहे: मीठ मिसळलेले पाणी शून्य अंशाच्या पुष्कळ खाली गेले तरी गोठत नाही, आणि बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेत राहतो. पाण्यात मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के असताना हा गोठणबिंदू उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. रस्त्यावर टाकलेले मीठ मात्र उणे ९–१० अंशांच्या पलीकडे फारसे कामाचे राहत नाही, कारण तेथे बर्फ इतका सावकाश वितळतो की पुढची हिमवृष्टी त्याला गाठते. रस्त्यावर हजारो चाके हे मीठ मळून घेतात आणि बर्फाचा थर फोडतात. पदपथावर ही घुसळण नसते. शिवाय कडेला सारलेला ढीग दुपारच्या उन्हात पाझरतो, ते पाणी पदपथावर पसरते आणि रात्री पुन्हा गोठून काचेसारखे गुळगुळीत होते. म्हणजे नांगराने ढकललेले हिम पदपथाला दोनदा भोवते, आधी अडथळा म्हणून आणि नंतर निसरडे म्हणून.

स्वीडनमधील कार्ल्सकुगा या छोट्या शहराने २०११ मध्ये या कामाचा क्रमच उलटा करून पाहिला. तेथे पूर्वी मुख्य रस्ते आधी आणि पदपथ व सायकलमार्ग शेवटी साफ होत असत. पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असल्याचे ध्यानात आल्यावर पालिकेने बालवाड्या व कामाची ठिकाणे यांच्याकडे जाणाऱ्या वाटा प्रथम हाती घेतल्या. हीच कल्पना पुढे स्टॉकहोमने स्वीकारली, आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अवेळी आलेल्या प्रचंड हिमवृष्टीत शहर ठप्प झाल्यावर तिच्यावर टीकेची झोड उठली. ती टीका काहीशी अन्यायाची होती, कारण एवढ्या हिमापुढे कोणताही क्रम अपुराच पडला असता. कॅनडातील माँट्रियलने वेगळा मार्ग धरला आहे. तेथे पदपथांसाठी अरुंद नांगरगाड्या आहेत आणि कडेचे ढीग यंत्राने ट्रकमध्ये भरून शहराबाहेर काढले जातात, ज्यांपैकी पुष्कळसे हिम एका जुन्या दगडखाणीत ओतले जाते व तेथे ते उन्हाळ्यातही बराच काळ टिकून राहते. खर्च मोठा आहे, परंतु ढिगाला स्वतःची जागा देणारी ही पद्धत आहे.

सह्याद्रीतील दरड आणि शहरातील हिम यांत वजनाचा फरक प्रचंड आहे. २० सेंटिमीटर जाडीच्या ताज्या हिमाचा भार दर चौरस मीटरला सुमारे २० किलो होतो, तर तेवढ्याच जाडीच्या भिजलेल्या दगडमातीचा जवळजवळ ४०० किलो. पाचशे घनमीटरची, म्हणजे घाटाच्या मानाने मध्यम, दरड सुमारे हजार टनांची असते, आणि दहाचाकी डंपरला एका खेपेत पंधरा-सोळा टनच नेता येतात, हे धरले तर ती उचलून न्यायला साठांहून अधिक खेपा लागतील. दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागलेल्या असताना जेसीबीच्या चालकाने ती माती दरीकडे ढकलली किंवा साइडपट्टीवर सारून ठेवली, तर त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला दिलेले काम एक मार्गिका खुली करण्याचे असते.

मात्र मुळात दरड का सुटली हे पाहिल्यास या सारून ठेवण्याचा अर्थ बदलतो. येथील डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले आहेत. घट्ट काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये सच्छिद्र खडकाचे थर येतात आणि काही ठिकाणी तांबड्या, चिकणमातीसारख्या पदार्थाचा पातळ पट्टा येतो. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून उतरते, या तांबड्या पट्ट्यापाशी अडते आणि डोंगराच्या पोटातून झऱ्यासारखे बाहेर पडते. वरच्या उतारावर झिजलेल्या खडकाची माती आणि मुरूम यांची जी गोधडी असते, ती कणांमधील घर्षणामुळेच जागेवर टिकलेली असते. कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी भरले की ते कणांना एकमेकांपासून दूर रेटते, आणि या रेट्याला रंध्रदाब म्हणतात. कणांना एकत्र दाबणारे बल जितके घटते तितके घर्षण घटते, आणि ते उताराच्या ओढीपेक्षा कमी पडले की गोधडी खाली येते. माणसाची टाच बर्फावरून निसटते तेव्हाही पकड आणि ओढ यांचा हिशेब असाच चुकलेला असतो.

म्हणून घाटात डोंगराच्या बाजूचे गटार हा रस्त्याचा दुय्यम भाग मानता येत नाही. डोंगरातून पाझरलेले पाणी गोळा करून रस्त्याखालच्या मोरीवाटे दरीत सोडणे हे त्याचे काम, आणि साइडपट्टीवर सारलेली माती पहिल्याच सरीबरोबर नेमकी त्याच गटारात उतरते. गटार तुंबले की पाणी डोंगराच्या पायथ्याशी साचते, पायथ्याची माती भिजून मऊ होते आणि वरच्या उताराचा आधार सुटतो. पडलेल्या दरडीचा ढीगसुद्धा काही काळ वरच्या मातीला टेकू देत असतो, त्यामुळे त्याचा पायथा घाईने खरवडून काढला तर वरून नवी माती सुटण्याची शक्यता असते. दरीकडे ढकललेली माती आणखी निराळा धोका निर्माण करते. ती न दाबलेली, सैल असते, रस्त्याच्या बाहेरच्या कडेवर भार टाकते आणि पुढच्या मोठ्या पावसात खालच्या ओहोळात किंवा शेतात जाऊन पडते. हिम निदान वसंतात वितळून जाते. दगडमाती जेथे टाकाल तेथे राहते, किंवा स्वतःच्या वेळेला तेथून निघते.

या गटाराला लागून असलेल्या अरुंद पट्ट्यावरूनच माणसे चालतात. घाटाच्या वरच्या सपाटीवरही हेच चित्र आहे. कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या फुगवट्यालगत वसलेल्या ओझरला विघ्नहराच्या दर्शनासाठी संकष्टीला आणि भाद्रपदात पायी येणारे भाविक, ऊस आणि टोमॅटोच्या वाहनांच्या बाजूने साइडपट्टीवरूनच येतात, आणि पावसाळ्यात रस्त्यावरून ओढून काढलेला चिखल त्यांच्याच पायाखाली असतो. ज्या दैवताचे नावच विघ्ने हरण करणारा असे आहे, त्याच्या वाटेवर विघ्न केवळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवले जावे, यात थोडी गंमतही आहे.

रस्ता आणि पायवाट यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे महाराष्ट्राने दोन दुर्घटनांत पाहिले आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते तेथे आलेल्या एसटीच्या चालकाच्या, आणि त्या रस्त्यानेच पुढे यंत्रे चिखलातून वाट काढत पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा तेथे गाडीरस्ताच नव्हता. बचावपथके पावसात, अंधारात निसरडी पायवाट चढून गेली, चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, आणि पोकलेन वर नेता येत नसल्याने टिकाव, फावडी आणि हात यांनीच माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. पायवाटेची निगा ही कोणाच्याच कामाच्या यादीत नसते आणि आपत्तीच्या रात्री मात्र सारी मदत तिच्यावरूनच जावी लागते.

पायवाटेचे हे महत्त्व जुन्नरला नवे नाही. माळशेजच्या दक्षिणेला असलेला नाणेघाट सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारा व्यापारी मार्ग होता, आणि तो पायी माणसांचा व ओझ्याच्या जनावरांचाच होता. तेथे खडकात कोरलेली लेणी, सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जाणारा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचे नाणे टाकण्यासाठी असल्याचे परंपरेने सांगितले जाणारे दगडी रांजण आजही आहे. ती कथा खरी मानली, तर पायवाटेवरून कर घेण्याची कल्पना दोन हजार वर्षे जुनी आहे. तिच्या देखभालीवर खर्च करण्याची कल्पना मात्र आज रस्त्यापुरतीच उरली आहे.

घाटातील दरड हटवताना पहिली मार्गिका खुली करणे अपरिहार्यच आहे, कारण रुग्णवाहिका थांबू शकत नाही. त्यानंतर मात्र यंत्र दुसऱ्या मार्गिकेकडे न वळवता आधी डोंगराकडच्या गटाराकडे आणि मोरीच्या तोंडाकडे वळवावे, मग साइडपट्टी मोकळी करावी, आणि दुसरी मार्गिका सर्वांत शेवटी घ्यावी. उचललेल्या मातीसाठी घाटाबाहेरची जागा पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावी. या क्रमात वाहतुकीचे काही तास जातील, पण तीच दरड आठवड्याने पुन्हा उचलण्यापेक्षा ते स्वस्त आहे. या पावसाळ्यात माळशेजमार्गे जाणाऱ्या वाचकांनी धबधब्यांबरोबर डोंगराच्या पायथ्याचे गटारही पाहावे, आणि ते मातीने भरून पाणी रस्त्यावरून वाहत असलेले किंवा उतारावर ताज्या भेगा पडलेल्या दिसल्यास जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर, शक्यतो जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा देऊन, कळवावे.