गरोदर माता, नवजात बालक आणि लोहाचा जमाखर्च

प्रसूती विभागास भेट देणारे आमचे देणगीदार एक प्रश्न हमखास विचारतात : लोहाच्या गोळ्या शासन विनामूल्य देते, मग त्यावर आपण खर्च कशासाठी करावयाचा? प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे, आमचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. परंतु आमच्या डॉक्टरांनी समजावून दिल्यावर हा विषय आम्हांस त्याच भाषेत उमगला.

एका गर्भारपणात स्त्रीस सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातील साधारण ३०० मिलिग्रॅम बाळ व वार यांच्याकडे जाते, ५०० तिचे स्वतःचे रक्त वाढण्यात आणि उरलेले नित्याच्या झिजेत. बाळाच्या वाट्याचे बहुतेक लोह शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. आईचे दूध सर्वोत्तम खरे, पण त्यात लोह थोडेच असते. म्हणून जन्मानंतरचे चार ते सहा महिने बाळ या ठेवीवरच वाढते.

आईची शिल्लक संपत आली तरी वार बाळाकडे लोह ओढीतच राहते. मात्र आईचा साठा फारच खालावला, तर बाळाची ठेवही अपुरी राहते. आणि खरी मेख पुढेच आहे. अशा बाळाचे हिमोग्लोबिन जन्मतः तपासले तर ते बहुधा ठीकच दिसते, कारण मिळालेले लोह शरीर आधी रक्तासाठी वापरते, मेंदूचा क्रम त्यानंतर. रोकडवही जुळते, तिजोरी रिकामी असते. वाढत्या मेंदूस लोह हवे असते ते नेमके याच महिन्यांत, आणि तेव्हाची उणीव पुढे औषधाने पूर्ण भरून निघेलच असे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी आढळले. २०१८ पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. (या फॉलिक आम्लाचा माग प्रथम मुंबईतच लागला. गिरणी कामगार गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९३१ साली दाखवून दिले.)

गोळी विनामूल्य आहे. ती नियमाने पोटात जाणे मात्र विनामूल्य नाही. मळमळते, शौचास काळे होते, म्हणून ती बंद केली जाते. गोळ्यांनी बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अडते, हा समज तर सुशिक्षित घरांतही भेटतो. कोणी ती चहाबरोबर घेते आणि लोह अंगी लागत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात प्रथमच आमच्या दारी येते, तेव्हा १८० दिवस आणावयाचे कोठून? मग रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह द्यावे लागते. शिवाय आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यामुळे प्रत्येक फिकट चेहरा लोहाच्या कमतरतेचाच, असे गृहीत धरून चालत नाही. आधी तपासणी करावी लागते.

एक उपाय मात्र खरोखर बिनखर्चाचा आहे. जन्मल्याबरोबर नाळ न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतील बरेच रक्त बाळाकडे जाते व त्यासोबत पुढील काही महिन्यांचे लोहही. पूर्वी आमच्याकडेही नाळ घाईने कापली जात असे. बाळाचा श्वास सुरू होण्यास अडचण असेल, तर अर्थातच आधी त्याकडे पाहिले जाते. एरवी बाहेर थांबलेल्या आजीबाईंनी या दोन-तीन मिनिटांनी घाबरून जाऊ नये, ही विनंती.

सोबतच्या हिशेबपत्रकात यंत्रसामग्रीपेक्षा ‘औषधे व तपासण्या’ या सदराखालील खर्च अधिक वाढलेला दिसेल. शिरेतून द्यावयाच्या लोहाची इंजेक्शने आणि सिकलसेलच्या चाचण्या त्यातच धरल्या आहेत. त्यांवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.