परवडणारा रेंजफाइंडर : पल्ल्यापेक्षा खात्री मोलाची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरणांची शिकार हा परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा यांनी बांधलेला कायदेशीर व्यवहार आहे. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात नोव्हेंबरमधील बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामाची तयारी घरोघरी आधीपासून सुरू होते आणि त्या तयारीत आता रेंजफाइंडर, म्हणजे लक्ष्यापर्यंतचे अंतर क्षणार्धात सांगणारा मुठीएवढा अंतरमापक, जवळजवळ अनिवार्य मानला जातो. नामांकित युरोपीय बनावटीच्या उपकरणांची किंमत हजार डॉलरच्या पुढे जात असली, तरी साधारण 100 ते 200 डॉलरमध्येही कामाचे उपकरण मिळते. मात्र त्या किमतीत नेमके काय घ्यावे आणि कशावाचून भागवावे, हे कळण्यासाठी उपकरणाचे कार्य आणि शिकारीची गरज या दोन्हींचा विचार करावा लागतो.

अंतराला एवढे महत्त्व येते ते गुरुत्वाकर्षणामुळे, कारण बाण असो वा गोळी, सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. सेकंदाला 280 फूट वेगाने जाणारा बाण 30 यार्डांचा नेम धरून सोडला आणि हरीण प्रत्यक्षात 40 यार्डांवर असले, तर तो सुमारे 9 इंच खाली लागतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हृदय व फुप्फुसे सामावणारा मर्मभाग जेमतेम 8 ते 10 इंच रुंद असल्याने, दहा यार्डांच्या चुकीमुळे जनावर तत्काळ मरण्याऐवजी जखमी होऊन पळते. बंदुकीला यात थोडी सवलत मिळते. तरीही 200 यार्डांवर नेम बसवलेल्या .308 विंचेस्टर रायफलची गोळी 300 यार्डांवर सुमारे 8 इंच, तर 400 यार्डांवर सुमारे 2 फूट खाली जाते. उलट नुसत्या नजरेचा अंदाज दरीपलीकडच्या, संधिप्रकाशातल्या किंवा मोकळ्या माळावरच्या लक्ष्याबाबत हमखास फसतो. म्हणूनच रेंजफाइंडर ही चैनीची वस्तू नसून जनावराला यातना होऊ नयेत यासाठी घेतलेली दक्षता ठरते.

या उपकरणाची कल्पना साधी आहे. बटण दाबताच त्यातून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लेझर प्रकाशाचा अत्यल्प काळाचा स्पंद बाहेर पडतो, लक्ष्यावर आपटून त्याचा काही अंश परत येतो आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर असल्यामुळे एका यार्डाचा, म्हणजे 0.9144 मीटरचा, फरक ओळखण्यासाठी उपकरणाला सुमारे 6 नॅनोसेकंद, अर्थात सेकंदाच्या सहा अब्जांश भागांइतका, वेळ मोजावा लागतो. एवढी सूक्ष्म मोजणी आता स्वस्त उपकरणांतही होते आणि जवळच्या अंतरावर एखाद्या यार्डाची अचूकता बहुतेकांत मिळते. खरा फरक पडतो तो परत येणारा क्षीण प्रकाश पकडण्याच्या क्षमतेत आणि किरणाच्या रुंदीत. किरण दूर जाताना पसरतो व हा प्रसार मिलिरेडियन या एककात सांगतात. एक मिलिरेडियन प्रसार असलेला किरण 1000 यार्डांवर एक यार्ड रुंद होतो. तो जितका अधिक पसरेल, तितका हरणाऐवजी मागच्या झुडपावरून परतण्याचा संभव वाढतो.

खोक्यावर ठळकपणे छापलेला पल्ला याच कारणाने जपून वाचावा लागतो. ‘1000 यार्ड’ हा आकडा बहुधा रस्त्यावरच्या चकचकीत पाटीसारख्या परावर्तक पृष्ठभागासाठी असतो. झाडासाठी तो कमी होतो आणि प्रकाश शोषणाऱ्या केसाळ कातडीच्या हरणासाठी बहुधा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यामुळे माहितीपत्रकात हरणासाठीचा पल्ला वेगळा दिला आहे का, हे ग्राहकाने आधी पाहावे. विस्कॉन्सिनच्या दाट जंगलात हरीण 100 यार्डांपलीकडे क्वचितच स्पष्ट दिसते, तर वायोमिंग वा माँटानाच्या मोकळ्या प्रदेशात 300 यार्डांचा नेम धरण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे आपण जिथून खात्रीने नेम साधू शकतो, त्या अंतराच्या थोडे पुढेपर्यंत मोजणारे उपकरण पुरेसे असते.

दोन सोयींवर मात्र पैसे खर्च करणे योग्य ठरते. पहिली सोय म्हणजे ‘शेवटचे लक्ष्य’ निवडण्याची, जिच्यात उपकरण समोरच्या फांद्या व गवतावरून परतलेले स्पंद वगळून सर्वांत दूरच्या वस्तूचे अंतर दाखवते. गोल्फसाठीचे रेंजफाइंडर याच्या उलट, मागची झाडे सोडून जवळचा झेंडा पकडण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे ते स्वस्तात मिळाले तरी झाडीत दगा देतात. दुसरी सोय म्हणजे कोनसुधारणा. उतारावर दिसणारे अंतर तिरके असते, पण गुरुत्वाकर्षणाचा परिणाम ठरतो तो त्या अंतराच्या आडव्या भागावरून; 30 अंशांच्या उतारावर 300 यार्डांवर दिसणारे लक्ष्य साधारण 260 यार्डांवर असल्याचे धरून नेम घ्यावा लागतो. मैदानी जंगलात मचाणावरून मारणाऱ्याला मात्र ही सोय नसली तरी चालते, कारण 20 फूट उंचीवरून 20 यार्डांवर पडणारा फरक जेमतेम एक यार्डाचा असतो.

या दोन सोयींनंतरची कसोटी प्रकाशाची. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. नेमक्या त्याच वेळी तपकिरी कातडीवर उमटलेले काळे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून परवडत असेल तर लाल प्रकाशमान आकडे असलेले उपकरण घ्यावे. दर्शनी भिंगाचा व्यास भागिले विशालन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते तो आकडा, यावरून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. सहापट विशालन आणि 24 मिलिमीटरचे भिंग असल्यास ती 4 मिलिमीटर भरते. याच विशालनाला 21 मिलिमीटरचे भिंग असल्यास ती 3.5 मिलिमीटरवर येते आणि अंधूक उजेडात हा फरक जाणवतो. याउलट ब्लूटूथ, मोबाइल अ‍ॅप आणि हजार यार्डांपुढची गणिते यांवर मर्यादित पैसा घालवण्याचे कारण नाही.

खरेदीनंतरची परीक्षा बिनखर्चाची आहे. अमेरिकी फुटबॉलच्या मैदानात दोन्ही गोलरेषांमधले अंतर नेमके 100 यार्ड असल्याने तेथे अचूकता पडताळता येते. त्यानंतर मोकळ्या आकाशापुढे उभा असलेला विजेचा खांब निवडून दृष्टिक्षेत्रातले लक्ष्यचिन्ह डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवावे. चिन्ह खांबावर असतानाच आकडा उमटला तर किरण आणि चिन्ह जुळलेले आहेत, खांबाच्या बाजूला असताना उमटला तर उपकरण मुदतीत परत करावे. हीच परीक्षा सूर्यास्तानंतर काळसर बुंध्यावरही घ्यावी आणि थंडीत बॅटरी लवकर क्षीण होत असल्याने जोडीला दुसरी ठेवावी. धनुष्यावर वा बंदुकीवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांविषयी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे तेही आधी वाचणे आवश्यक आहे.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, पण हेच उपकरण इथल्या जंगलांतही वापरले जाते. ठरावीक सरळ रेषेवरून चालत जाऊन दिसलेल्या चितळ-सांबरांचे अंतर व कोन नोंदवायचे आणि त्यावरून त्यांची घनता काढायची, या गणनापद्धतीत चुकलेले अंतर म्हणजे चुकलेली संख्या असते. गणना असो वा शिकार, अंतराच्या चुकीची किंमत शेवटी जनावराला मोजावी लागते. म्हणून लांबच्या पल्ल्याचा मोह सोडून, आपल्या आवाक्यातल्या अंतरावर आणि अपुऱ्या उजेडातही नि:संशय उत्तर देणारे साधन निवडणे, आणि आकडा उमटला नाही किंवा अंतर आपल्या क्षमतेबाहेरचे निघाले तर बोट घोड्यावरून काढून घेणे, हीच या खरेदीची खरी सार्थकता होय.