बैलजोडीपासून घरपोच मतपत्रिकेपर्यंत

17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणीचा माणूस हैदराबादच्या निजामाची रयत होता. सारा भरायचा, वेठ करायची आणि शेवटी शेवटी रझाकारांच्या भीतीनं रात्री जागून काढायच्या, एवढाच त्याचा राज्याशी संबंध. साडेतीन वर्षंही उलटली नाहीत तोच, 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्याच माणसाला राज्य कुणी करावं हे विचारलं गेलं. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. त्या दिवशी मत दिलेले जे थोडे लोक आज जिल्ह्यात उरले आहेत, ते पंच्याण्णवीच्या पुढे आहेत.

त्यांचं पहिलं मत आजच्यासारखं नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या माणसानं चिन्ह ओळखायचं आणि हातातला कागद त्या पेटीत सोडायचा, बस्स. काँग्रेसची बैलजोडी तर दारातलीच. तरीही परभणीनं लोकसभेवर काँग्रेसचा नव्हे, शेतकरी कामगार पक्षाचा माणूस पाठवला, नारायणराव वाघमारे. कालपर्यंत ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी पहिल्याच संधीला लाटेविरुद्ध कौल दिला, याचं मला आजही कौतुक वाटतं. 1977 मध्ये याच मतदारसंघानं पुन्हा शेकापलाच, शेषराव देशमुखांना, निवडून दिलं. मधल्या काळात 1956 साली हैदराबाद राज्य संपलं, 1960 साली महाराष्ट्र झाला. बैलजोडी जाऊन गाय-वासरू आलं, मग पंजा. नव्वदीनंतर शिवसेनेचा धनुष्यबाण इथे घट्ट रुजला.

पण चिन्हं बदलली म्हणून गाव बदललं असं नाही. ज्या गावात आडावर पाणी वेगळं भरावं लागे, तिथे पाटलाच्या आणि महारवाड्यातल्या मताची किंमत कायद्यानं सारखी झाली, ही 1952 ची सगळ्यात मोठी गोष्ट. ती सहज पचली मात्र नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेड-परभणीकडच्या खेड्यांत दलितांची घरं जळाली. मतदार यादीत एका पानावर असलेली माणसं गावात एकमेकांच्या जिवावर उठली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. आणि डिसेंबर 2024 मध्ये परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटलं. ज्या पुस्तकानं रयतेचा मतदार केला, त्याच पुस्तकावर हा हात पडला. पहिल्या मतदारांना हयातीत हेही बघावं लागलं.

बायकांच्या बाबतीत फरक हळूहळू, पण पक्का पडला. पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणींनी घरातल्या कर्त्या पुरुषानं सांगितलेल्या चिन्हालाच मत दिलं. त्यांच्याच नातसुना 1993 नंतर राखीव जागेवर ग्रामपंचायतीत बसल्या. 2011 पासून निम्म्या जागा त्यांच्या. सरपंचबाईच्या नावानं नवरा कारभार बघतो हे खरं आहे. तरी सही तिचीच लागते, आणि एकदा सही करायला शिकलेली बाई पुढे कागद वाचायलाही मागते.

26 एप्रिल 2024 ला परभणीत लोकसभेचं मतदान झालं. पहिल्या मतदारांसह 85 वर्षांपुढच्या सगळ्यांना तेव्हा घरबसल्या मत देण्याची सोय होती. बारा-ड अर्ज भरला की मतदान पथक दारात येतं, सोबत चित्रीकरण करणारा. मत द्यायचं तेही यंत्रावर नाही, कागदावर. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची. मात्र एका घरात, मुलासुनांच्या देखत, गुप्तता कितपत राहते याकडे पथकांनी जास्त काटेकोर लक्ष द्यायला हवं.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या आठवणी आपण लिहून ठेवल्या. पहिल्या मतदारांच्याही तशाच लिहून घ्यायला हव्यात, गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांनी, याच वर्षी. 1952 ला केंद्रापर्यंत कसे गेलात, बैलगाडीत कोण कोण होतं, चिन्ह कुणी सांगितलं, आणि सांगितलेल्याच पेटीत कागद टाकलात का?